निष्कलंक कोबी

"या फुलानं सात राजवटी पाहिल्या, पण मान कुणापुढे म्हणून तुकवली नाही!"

गावचे पक्षसचिव थाओ यांनी सूलान मावशींच्या परसात उभं राहून भाषणातलं हे वाक्य तिसऱ्यांदा म्हणून पाहिलं. पहाटे एक सर येऊन गेली होती. सात राजवटींना पुरून उरलेलं ते पांढरंशुभ्र भरगच्च फूल पाकळ्यापाकळ्यांत पाणी साठवून चिखलात तोंड खुपसून पडलं होतं.

"याला काठी लावा कुणीतरी," सचिव म्हणाले.

"पावसात लोळतंच ते," मावशी म्हणाल्या. "वास मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जातो."

अर्जात त्या पिओनीच्या झुडपाचं नाव 'सम्राटाचा हिममुकुट' असं होतं. मावशींच्या घरात तिला कोबी म्हणत. सासूबाईंनी माहेराहून मूळ आणलं होतं. वर दोन बोटं माती, त्याहून खोल पुरलं की नुसती पानं. कडाक्याच्या थंडीला भीक घालत नाही, पन्नास वर्षं एकाच जागी दर मे महिन्यात फुलते. खोड एकच, तिला हलवलेलं खपत नाही.

आणि हलवायचंच ठरलं होतं. आज तिला जिल्ह्याचा वारसा-फुलाचा मान मिळाला, की लगेच मुळासकट उपटून शहरातल्या बागेत, काचेच्या घुमटाखाली रवानगी.

"निदान पानं झडल्यावर न्या हो," मावशी महिनाभर विनवत होत्या. "आत्ता भर फुलोऱ्यात हलवलीत तर चार वर्षं रुसेल. मला शहात्तर झाली."

"मावशी, मान नाकारायची अर्जात सोय नाही."

अर्ज सचिवांनीच भरला होता, कचेरीत बसून, फूल न पाहता. रंगाच्या रकान्यात लिहिलं होतं: निष्कलंक शुभ्र. काठी लावायला म्हणून ते आता वाकले आणि तसेच थबकले. फुलाच्या पोटात पाच-सहा पाकळ्यांवर लाल ठिपके होते, भाजी चिरताना कुणाचं बोट कापावं तसे.

"हे काय?"

"ठिपके."

"मी निष्कलंक लिहिलंय!"

"मग अर्ज बदला."

"अर्जावर शिक्का आहे."

फुलावर शिक्का नव्हता. सचिवांनी बायकोचा भुवयांचा चिमटा मागवला आणि उकिडवं बसून डागी पाकळ्या एकेक करून उपटायला घेतल्या.

मावशींनी 'अहो' म्हणायला तोंड उघडलं. पांढऱ्या पिओनी बाजारात ढिगानं मिळतात, पोटात लाल ठिपका असेल तीच आपली, असं सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मावशींनी तोंड मिटलं. थोडा विचार केला.

"मागच्या फुलातही दोन आहेत," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा देऊ?"

अकरा वाजता शहरातून तज्ज्ञ म्हणून प्राध्यापक न्ये आले. त्यांनी प्रत्येक फूल बोटांनी उघडून पोट पाहिलं, वास घेतला, पुन्हा पोट पाहिलं.

"ही ती नव्हे. जुन्या जातीला लाल ठिपके असतात. ही साधी पांढरी. उगीच मुळं दुखवू नका, राहू द्या इथंच."

"होते! ठिपके होते!" सचिवांनी खिसा उलटा करून मूठभर पाकळ्या काढल्या. "मी स्वतः उपटलेत, या हातांनी!"

वर्तमानपत्राच्या फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

प्राध्यापकांनी पाकळ्यांकडे पाहिलं, मग मावशींकडे. मावशी ढगांची चौकशी करत होत्या.

"अर्जात काय लिहिलंय?"

"निष्कलंक शुभ्र," सचिव पुटपुटले.

"मग अर्ज बरोबर आहे. निष्कलंक आहे, म्हणून साधी आहे." प्राध्यापकांनी अर्जावर 'अपात्र' असं लिहून शिक्का मारला. आता तो कुणालाच बदलता येणार नव्हता.

गाड्या गेल्या. स्वागताला आलेल्या म्हाताऱ्यांनी ढोल आवरले. सचिव तेवढे परसाच्या मधोमध उभे राहिले, लाल झालेले.

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं! आपल्या गावाचं नाव साऱ्या देशात झालं असतं. उद्या इतिहास तुम्हाला जाब विचारेल, की ऐन वेळी तुम्ही—"

"साहेब," मावशी हळूच म्हणाल्या, "डावा पाय तेवढा उचला. लसणात आहे."