आईच्या बाजूचे चार

बाबांचा सत्तरावा वाढदिवस शनिवारी होता आणि इस्पितळाचा फोन आला शुक्रवारी. निन्के तेव्हा शिडं शिवायच्या कारखान्यात जमिनीवर गुडघे टेकून बसली होती आणि पुढ्यात कुणाच्या तरी बोटीचं अंगणाएवढं शीड पसरलं होतं. डॉक्टरीणबाई सरळ माणूस. त्यांनी उगाच गोड बोलून वेळ काढला नाही.

"चार गर्भ पाचव्या दिवसापर्यंत टिकले. वाढ उत्तम आहे. पण निन्के, चारही तुमच्या आईच्या बाजूचे निघाले."

चारही! नशिबाने थट्टा करावी, पण किती?

निन्केच्या आईला, त्रिन्चेला, हंटिंग्टनचा आजार होता. आधी हातातल्या वस्तू पडू लागतात, मग हात-मान आपोआप वळवळतात, पाय भलतीकडे पडतात, जीभ जड होते, आणि हळूहळू माणूस आपल्याच अंगाच्या ताब्यात जातो. आईचे वडीलही असेच झोकांड्या खात चालायचे. गाव त्यांना बेवडा म्हणत राहिला, आणि म्हातारा बिचारा आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता. आईला असला की मुलाला होण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासलं की कळतं, पण कळून उपयोग शून्य, कारण औषधच नाही. आईचं निदान झालं त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत निन्केने ते रक्त दिलं नव्हतं. "कळून घेऊ आणि मग काय, मरेपर्यंत घड्याळाकडे बघत बसू?" असं म्हणून ती विषयच तोडायची.

मूल मात्र हवं होतं, आणि त्याच्या पदरात हे बांधायचं नव्हतं. त्यावर डॉक्टरांकडे एक वाट होती. गर्भ प्रयोगशाळेत तयार करायचे, पण निन्केला अजिबात तपासायचं नाही. गुणसूत्राच्या ज्या तुकड्यावर हा आजार असतो, तो गर्भाला आजीकडून, म्हणजे त्रिन्चेकडून, आलाय की आजोबांकडून, म्हणजे निन्केच्या बाबांकडून, एवढंच बघायचं. आजोबांकडचा असला तर बेलाशक पोटात ठेवायचा. आजीकडचा असला तर बाद, मग तो ठणठणीत का असेना. गुन्हा सिद्ध व्हायची वाट न बघता नुसत्या संशयावरून हाकलायचं, असला हा न्याय. पण त्यात निन्केची झाकली मूठ झाकलेलीच राहत होती, म्हणून तिने तो पत्करला.

"तुमच्यात जे आहे तेच त्या चौघांत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही निरोगी असाल, तर चौघंही निरोगी. पण तुम्ही तपासणी केली नाही, तर आम्हाला ते ठेवता येणार नाहीत. ठरलंय तसं."

"मग टाकून द्या," निन्के म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिलाच परका वाटला.

"आज नको. सोमवारी फोन करा."

ही तिसरी फेरी होती. निन्केला छत्तीस पुरी झाली होती आणि यापुढे सुया टोचून घ्यायच्या नाहीत, हे दोघांचं आधीच ठरलं होतं. म्हणजे हे चार गेले की संपलं.

वित्से, तिचा नवरा, कालव्यावरचा पूल उघडायचं काम करायचा. बोटी येईपर्यंत थांबणं हाच त्याचा धंदा, म्हणून माणूस शांत. पण त्या संध्याकाळी त्याला दम धरवेना.

"एकदा रक्त दे ना, निन्के. एकदाच."

"आणि निघालं तर?"

"आणि नाही निघालं तर? चार आहेत गं. चार!"

"मला मोजून दाखवू नकोस. मोजण्यात तू हुशार आहेस, माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"कप फुटला की माणूस कपाकडे बघतो, वित्से. तू माझ्याकडे बघतोस. मोजतोस ना? खरं सांग."

त्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "या वर्षी तीन."

तिला त्याचा संताप आला. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं? आणि चौथा कारखान्यात फुटला होता, तो त्याला ठाऊक नव्हता, याचं तिला आतून हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला मग भीती वाटली.

शनिवारी बाबांच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. जो येईल त्याने एकेकाशी हात मिळवायचा आणि ज्याचा वाढदिवस नाही त्याचंही अभिनंदन करायचं: नवऱ्याबद्दल अभिनंदन, भावाबद्दल अभिनंदन, वडिलांबद्दल अभिनंदन. मग कॉफी आणि गुलाबी आयसिंगच्या केकचा एक तुकडा. आईला शुश्रूषागृहातून दोन तासांसाठी आणलं होतं. ती चाकाच्या खुर्चीत होती आणि तिचा डावा हात हवेत कुणाला तरी बोलावल्यासारखा हलत होता. निन्के तिला केक भरवत होती.

आईशी बोलायची एक रीत होती, ती बाबांनी घरच्यांना शिकवली होती. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. मनात तीस मोजायचे, लागले तर साठ. उत्तर हमखास येतं, पण त्याला चालत यावं लागतं. बाहेरचे लोक पाच मोजून पुढच्या विषयावर जात, आणि आई काही बोलतच नाही म्हणून हळहळत. घरच्यांनी कधी अशी चूक केली नव्हती. फक्त निन्केने या बारा वर्षांत एक प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

"काय गं निन्के," गेस्के आत्या समोरून गरजली. ही बाबांची धाकटी बहीण, आणि तोंडाला कुलूप नाही. "साखरेचा पाव घेऊन बाळ बघायला आम्हाला कधी बोलावतेस? पाव दुकानात शिळा व्हायला लागला बघ!"

सगळे हसले. वित्से कपात बघत राहिला. बाबा म्हणाले, "गेस्के, केक खा."

निन्केने आईच्या हनुवटीवरचं आयसिंग पुसलं आणि अगदी कानाशी तोंड नेलं.

"आई, तुला आधी कळलं असतं ना, की हे तुझ्यात आहे, तर तू मला होऊ दिलं असतंस?"

आईने डोळे तिच्याकडे वळवले. निन्के मोजू लागली. वीस. तीस. तेवढ्यात आत्या कॉफीची किटली घेऊन मध्ये आली, "त्रिन्चे, अजून देऊ का तुला थोडी? नको? नकोच म्हणते." मग शेजारी उठले, पुन्हा हात मिळवणं, कोट, टोप्या. बाबा त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. निन्के जागची हलली नाही. तिची मोजदाद कधीच चुकली होती, पण ती बसून राहिली.

खुर्च्या उचलल्या जात होत्या तेव्हा आईचे ओठ हलले.

"कळलं असतं... तर... नाही."

हेच ऐकायला लागेल म्हणून तर निन्के बारा वर्षं पळत होती. उठावं, बाहेर जावं, कालव्याच्या काठावर उभं राहून मोठ्याने रडावं, असं तिला वाटलं. पण आईचा हात तिच्या बाहीत अडकला होता. मुद्दाम की आपोआप, कोण जाणे. ती थांबली.

"बरं झालं," आई म्हणाली. आणि मग, केवढ्या वेळाने, "नाही कळलं."

आई हसली. ते हसू तिच्या मनासारखं झालं, वाकडं पडलं नाही. निन्केने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आत्या बघत असतानाही पोटभर रडून घेतलं.

शुश्रूषागृहाची गाडी आईला घेऊन गेली, तरी निन्केच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. नुसत्या संशयावरून हाकलायच्या त्या न्यायाने ती स्वतःही बादच झाली असती. तीही आईच्याच बाजूची, त्या चौघांसारखी पाचवी. आईला कळलं नाही म्हणून ती आज इथे उभी होती. आणि तिला कळून घ्यायचं नाही म्हणून ते चौघं जाणार होते. एवढा मोठा फरक तिला आजवर दिसला नव्हता, आणि आता दिसला तर डोळे मिटता येईनात.

स्वयंपाकघरात ती कप विसळत होती, वित्से पुसत होता.

"सोमवारी फोन करते," ती म्हणाली. "टाकू नका म्हणून सांगते. माझं रक्त घ्या म्हणते."

तिला वाटलं होतं तो खूश होईल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नको," तो म्हणाला.

"काल तर मागे लागला होतास!"

"काल तू नाहीच म्हणणार, हे मला माहीत होतं गं." तो पुसलेलाच कप पुन्हा पुसू लागला. "निन्के, तुला कळलं की मलाही कळेल. मग मी काय करू?"

"मोजणं बंद कर. तेवढं तरी कर."

"आणि चौघांतही असलं तर?"

"तर मग ते चौघं आणि मी पाचवी," ती म्हणाली. "मला लई भीती वाटते, वित्से. पण देणार आहे."

त्याने मान हलवली, हो की नाही ते कळेना, आणि त्याच क्षणी फरशीवर खळ्ळ आवाज झाला. बाबांच्या निळ्या काठाच्या कपांपैकी एकाचे तुकडे टेबलाखाली पसरले होते.

कप वित्सेच्या हातून पडला होता. तरी दोघांनीही पाहिलं ते तिच्याच हातांकडे.