रुखमाच्या पानावरचा फोटो

“थांब पुनम. ‘चित्र’ इतकंच बोलून ते पुढं गेलं. चित्रात काय हाय ते लिवलंच नाई तू.”

“लिवते ना. घाई काऊन करून राह्यला?”

चंद्रपुरातल्या अजयभाऊंच्या डीटीपीच्या दुकानात पुनम पानं लावायची आणि संगणक ती मोठ्यानं वाचायचा तेव्हा धनराज ऐकून तपासायचा. धनराज जन्मांध. अशा माणसाला आपण पगार देतो, हे अजयभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून ऐकवत. खरी गोष्ट अशी, की सरकारी संकेतस्थळावर चढवायची पीडीएफ आंधळ्यालाही नीट ऐकता आली पाहिजे, असा नियम होता. मथळा मथळ्यासारखा ऐकू यावा, तक्त्याचे रकाने एकमेकांत घुसू नयेत, आणि प्रत्येक चित्रामागं त्याचं वर्णन लिहिलेलं असावं. नियम उठला, की गरज सरो आणि वैद्य मरो, हे धनराजलाही ठाऊक होतं.

“माह्या मायचं पान हाय ते,” तो म्हणाला.

पुनमचे हात थांबले. अहवाल जंगली जनावरांच्या हल्ल्यात मेलेल्यांचा होता, एका संस्थेनं काढलेला, माणसागणिक एक पान. रुखमा लालसू पुंगाटी, तालुका एटापल्ली, मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात मृत्यू. ती गेली तेव्हा धनराज अंधशाळेच्या वसतिगृहात होता. गावी पोचला, तर मोठ्यांनी त्याला प्रेताला हातही लावू दिला नाही. ‘हात लावण्यासारखं राह्यलं नाई,’ म्हणाले. तिचा फोटो कुणी काढून ठेवलाय, हे त्याला आजच कळत होतं. लोकांना दिसायची ती माय कशी होती, असं तो गावात विचारायचा, तेव्हा लोक हसायचे. मायसारखी माय, आणखी कशी असते?

“पुनम, हात जोडतो तुले. एवढं एक मन लावून लिव.”

पोरगी मनाची चांगली होती. डबा तसाच ठेवून ती लिहीत बसली. मग म्हणाली, “ऐक आता.”

संगणकाचा सपाट आवाज बोलू लागला. ‘एक म्हातारी होत आलेली बाई ओसरीवर बसली आहे. कपाळावर गोंदण आहे. ती हसते आहे, समोरचा एक दात पडला आहे. दोन्ही कानांत मोठ्या बाळ्या आहेत. मांडीवर मोहफुलांची टोपली आहे. ती फोटो काढणाऱ्याकडे न बघता बाजूला कुणाकडे तरी बघते आहे.’

बाजूला मीच असेन, धनराजला वाटलं. त्यानं ते पुन्हा लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मायला चेहरा मिळाला होता, आणि तो चेहरा हसत होता. मग बाळ्यांपाशी तो थबकला.

“दोन्ही कानात?”

“हाव, दोन्ही.”

“डावा कान नीट पाह्य.”

“पाह्यला ना. चांगली मोठी बाळी हाय. काऊन?”

मायच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती. ती चिमटीत धरल्याशिवाय लहानपणी त्याला झोप येत नसे. त्या कानात बाळी राहणं शक्यच नव्हतं.

“ही माही यायो नाई,” तो म्हणाला. मायसाठीचा घरच्या माडिया बोलीतला शब्द तोंडातून निसटून गेला.

अजयभाऊंनी संस्थेच्या माणसाला स्पीकरवर फोन लावला. पलीकडचा माणूस बिलकूल ओशाळला नाही. “तिचा फोटो भेटलाच नाई, भाऊ. दुसऱ्या गावच्या बाईचा टाकला. साऱ्या सारख्याच तं दिसतात. कोणाले समजते?”

“काढा तो फोटो,” धनराज म्हणाला.

“पान रिकामं दिसते ना बे. पाहणाऱ्याले बरं नाई वाटत,” अजयभाऊ फोन ठेवत म्हणाले.

“मंग लिवा, का ही दुसरी बाई हाय म्हणून.”

“येडा झाला का? पुनम, ते वर्णन पुसून टाक, म्हंजे याले ऐकूच नाई येणार. पण तपासणीत लाल यायले नको.”

वर्णन नसलेल्या चित्रापुढं तपासणीचा प्रोग्रॅम लाल खूण दाखवायचा, पण त्यालाही तोड होती. पानाच्या कडेची वेलबुट्टी, कोपऱ्यातलं फूल, असलं काही असलं की ते ‘सजावट’ म्हणून नोंदवता येतं. वाचणारा आवाज सजावटीचं नावही घेत नाही, आणि नियमही मोडत नाही. पुनमनं फोटो सजावटीत टाकला. तपासणी हिरवी झाली.

“पुसलं का ते?” धनराजनं हळूच विचारलं. माय नसली, तरी हसत होती ती.

“पुसा लागलं,” पुनम म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता.

“ऐक रे एक डाव, न् ओके म्हण,” अजयभाऊ म्हणाले.

धनराजनं हेडफोन चढवला. आवाजानं रुखमाचं नाव घेतलं, गाव सांगितलं, वाघ सांगितला, आणि त्याच दमात पुढच्या पानावरच्या मेलेल्या माणसाचं नाव घेतलं.

“कुठी अडलं का?”

“नाई भाऊ,” धनराज म्हणाला. “कुठीच नाई अडलं.”