तिसरी फैर

विठू हवालदाराने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. सांत्वन करून झालं होतं, तरी तो पडवीतून हलेना.

“मिस्त्री,” शेवटी तो म्हणाला, “वेळ वाईट आहे. बोलायला तोंड होत नाही. पण रायफली भरत नाहीत.”

महिपत आंब्रे खांबाला टेकून बसला होता. रात्रीपासून जो येत होता तो त्याला आयुष्याचा भरवसा नाही, एवढंच सांगून जात होता. रायफली भरत नाहीत, हे त्याला नीट समजलेलं पहिलं वाक्य. त्याने मान वर केली.

“काडतूस वर येतं का?”

“येतं, आणि आडवं पडतं. निघताना बघितलं, निम्म्या तशाच. आर्मरर गणपतीला गावी गेलाय. त्याच्या गावात फोन लागत नाही.”

“गाडीत हायत ना? आण हितं.”

“अहो, तुम्ही आता कशाला? मी आपलं विचारायला...”

“विठू, आण म्हटलं ना.”

महिपतची सगळी नोकरी रत्नागिरीच्या पोलीस मुख्यालयात, शस्त्रागारात आर्मरर म्हणून, बंदुका दुरुस्त करण्यात गेली. पोलिसात राहून त्याने एकही चोर पकडला नव्हता. गावात कुणी खोचकपणे विचारलंच, तर त्याची बायको हौसा सांगे, “ह्यांनी बंदुका साफ ठेवल्या म्हणून बाकीच्यांना चोर घाबरले.” त्यातल्या थ्री नॉट थ्री रायफली त्याच्या विशेष लाडक्या. नव्या बंदुका आल्यावर या जुन्यांना कामाचं कुणी विचारेना, तेव्हा त्यांच्याकडे सलामी आली. घरातल्या म्हाताऱ्याला लग्नात अक्षता वाटायला बसवतात, तसं.

सागर त्याचा एकुलता एक. तोही पोलिसात. खेडला नेमणूक, घरून जाऊन येऊन नोकरी. गणपतीनंतर मुली बघायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी तो हायवेवर बंदोबस्ताला उभा राहून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत होता. एका टँकरला तो हात दिसला नाही. ड्युटीवर असताना गेला म्हणून शासकीय इतमाम, इतमाम म्हणून तीन फैरी. तालुक्याच्या दवाखान्यातून सागर अजून घरी यायचा होता, आणि रायफली भरत नव्हत्या.

सुतकात देव घरात ठेवत नाहीत. शेजाऱ्यांनी रात्रीच गणपती नदीवर पोचवला होता. मखर मात्र राहिलं. सागरने लावलेली दिव्यांची माळ रिकाम्या मखराभोवती लाल, हिरवी, पुन्हा लाल होत होती. ती बंद करावी असं प्रत्येकाच्या मनात येत होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी करावी असंही.

घोंगडीवर दहा रायफली मांडल्या गेल्या. सांत्वनाला आलेली माणसं जरा मागे सरली, पण उठलं कुणी नाही. दुःखात काय बोलावं हा सगळ्यांचाच प्रश्न एकदम सुटला होता. दोघातिघांनी बैठकच बदलली, नीट दिसावं म्हणून.

महिपतने पहिलीचा बोल्ट मागे ओढला, खालचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढलं, उलटं करून बघितलं. मग दुसरीचं. मग विठूकडे बघितलं.

“इन्स्पेक्शन झालं काय हल्लीच?”

“झालं की. शेरा चांगला मिळाला.”

“मिळणारच. सगळी मॅगझिनं काढून एका ढिगात घासलीत, आणि हाताला येईल ते येईल तिला लावलंत. जिचं तिलाच लागतं हे. नंबर ठोकलेला असतो हितं, बघ.”

“बघतो कोण तो!”

“मी बघायचो,” महिपत म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

देवळाबाहेर चपलांचे जोड लावावेत तशी त्याने मॅगझिनं आणि रायफली जुळवायला घेतली. एकीची स्प्रिंग मेली होती, तिची पट्टी वाकवून त्याने ताण दिला. दुसरीच्या मॅगझिनचे वरचे पत्र्याचे ओठ पसरले होते, ते पकडीने जरासे आत घेतले. सलामीचं काडतूस बिनगोळीचं, त्याला पुढे टोकच नसतं, म्हणून ते एरवीही वाट चुकतं. त्यात वाकडे ओठ. बोल्ट मागेपुढे करून तो कानाने बघत होता. खट्, खटाक्. खट्, खटाक्.

आतून हौसा दारात आली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

“आजपण?” तिने विचारलं.

“आजच,” महिपत म्हणाला. “एकपण मुकी जायची नाय आज. माझ्या झिलाची सलामी हाय.”

ती थोडी उभी राहिली. मग आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली, त्याच्याजवळ ठेवली आणि परत बायकांत जाऊन बसली.

नऊ जुळल्या. दहावीचं मॅगझिन कुठल्या दुसऱ्या ठाण्यात गेलं होतं कोण जाणे. शिवाय काडतूस बसतं ते तिचं चेंबर खाऱ्या हवेने आतून खाल्लेलं. बार झाला की रिकामं काडतूस भिंतीला चिकटून बसायचं. तेल लावून, चिंधीने घासून महिपतने हात दुखवून घेतले. शेवटी त्याने ती मांडीवर आडवी ठेवली.

“हिला सोडून नऊच बंदुका नेऊ या की,” विठू म्हणाला.

“नऊ नाय. दहा म्हणजे दहा. ही कोण घेतंय?”

“मी, काका.” निलेश पुढे आला. सागरबरोबर भरती झालेला, त्याच्याच खोलीत ट्रेनिंग काढलेला.

“ऐक. मॅगझिनातून भरू नको. एकेक हाताने ठेव, अंगठ्याने दाब आणि बोल्ट मार. दोनदा देईल ती. तिसऱ्यांदा अडली तर जोर करू नको, हत्यार मोडंल. बाकीच्यांबरोबर खांदा हलवायचा आणि पुढे बघायचं. दहांत एक कुणाला कळत नाय. मेलेला माणूस काय मोजायला बसत...”

नोकरीभर सलामीच्या प्रत्येक तुकडीला त्याने हे वाक्य सांगितलं होतं. पोरं हसायची. विठूही हसायचा. आता विठूने टोपी घातली आणि अंगणाकडे बघत राहिला.

“काका, मी तिन्ही वाजवतो,” निलेश म्हणाला.

महिपतने रायफल त्याच्या हातात दिली.

सागर दुपारी आला. पांढऱ्या कापडावर झेंडा, त्यावर त्याची टोपी. जगबुडी नदीच्या काठावर लाकडं रचून झाली होती. एका पुढाऱ्यांसाठी सगळे थांबले. ते आले, त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, भाषणात सागरला दोनदा सुधीर म्हणाले. तिसऱ्यांदा मागून कुणी सांगितल्यावर त्यांनी नुसतं ‘आपला हा वीर’ म्हटलं. महिपतचं लक्ष तिकडे नव्हतं. तो निलेशच्या अंगठ्याकडे बघत होता.

“भर!” विठू ओरडला.

खट्, खटाक्. एका दमात सगळ्या. महिपतने श्वास सोडला.

“फायर!”

आवाज नदीवरून पलीकडच्या डोंगराला लागून परत आला. बगळे उडाले. लहान पोरं आयांना बिलगली. महिपतने डोळे मिटले होते. दहा.

दुसरी फैर. दहा.

तिसऱ्या वेळी निलेशने बोल्ट ओढला आणि तो अर्ध्यात थांबला. रिकामं काडतूस आत चिकटलं होतं. त्याने पुन्हा ओढला. कपाळावर घाम, मान तशीच ताठ. महिपतचा उजवा हात आपोआप उचलला गेला. चार पावलांवर तर होती ती रायफल. पण हातात पेटती चूड होती. त्याने हात खाली घेतला.

“फायर!”

नऊ बंदुका वाजल्या. दहा खांदे हलले. निलेशचा खांदा तर इतका बरोबर हलला की पुढाऱ्यांजवळच्या फोटोवाल्याने नेमका त्याचाच फोटो काढला. सगळे म्हणाले, सलामी फार छान झाली.

चितेने पेट धरल्यावर निलेश बाजूला आला. मुठीत न वाजलेलं काडतूस होतं. त्याने मूठ उघडली.

“काका...”

“खांदा चांगला हलवलास.” महिपतने ते काडतूस तळहातावर घेतलं. वजन केल्यासारखा हात जरासा वरखाली झाला. मग ते निलेशच्या मुठीत परत ठेवून त्याने मूठ मिटवली. “हे जमा कर. सरकारी हाय.”

घर वरच्या अंगाला, नदीवरचा आवाज ऐकू येईल इतक्यावर. महिपत परत आला तेव्हा हौसा अंगणात पाण्याचा हंडा घेऊन उभी होती.

“मी हितून ऐकत व्हते,” ती म्हणाली.

महिपतने हात पुढे केले. बोटं काळी, नखांत तेल आणि गंज.

“मग?”

हौसाने त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ती या माणसाच्या घरात होती. तिलाही मोजता येत होतं.

“शेवटच्या फैरीला वारा व्हता,” ती म्हणाली.

“व्हता खरा.”

ती तांब्याने त्याच्या हातावर पाणी ओतू लागली. तेल काही निघेना. ती ओतत राहिली.