बर्फावरचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात तो लोकरीचा नव्हे. बर्फावर हॉकी खेळणाऱ्या गोलकीपरच्या डाव्या हाताचा, जाड चामड्याचा. गोळीसारखी येणारी रबरी चकती झेलायची, हे माझं काम.

परदेशातल्या एका कारखान्यात मला शिवलं. तिथून कृतिकाताईने मला आंबिवलीला आणलं, धाकट्या भावासाठी. हर्षित तेव्हा ठाण्यात चाकांच्या बुटांवर हॉकी खेळायचा आणि बर्फाची स्वप्नं बघायचा. त्याच्या आईने, तुळसाबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं.

"बर्फावर कोन खेलतं रं? आपल्याकरं बर्फ मासलीवर टाकतान!"

सगळं घर हसलं. हर्षितने मात्र हात माझ्यात घातला, तो जेवायला बसेपर्यंत काढलाच नाही.

डोंबिवलीचा विनीत त्याचा जिवलग मित्र. हर्षित गोलात, विनीत त्याच्यापुढे बचावाला. दोघे लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर शिकले आणि पुढे युरोपातल्या एका छोट्या गावच्या क्लबात व्यावसायिक खेळाडू म्हणून गेले. लीग खालच्या दर्जाची. लांबलांबचे बसप्रवास, गळकी ड्रेसिंग रूम, खुर्च्या निम्म्या रिकाम्या. क्लब बदलले, वर्षं सरली. माझी जाळी तुटली की हर्षित स्वतः दाभण घेऊन शिवायचा. घामाने मी ताठ झालो की मला हीटरपासून हातभर लांब ठेवून वाळवायचा. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एकदा वरच्या लीगमधल्या संघाचा गोलकीपर आजारी पडला आणि एका सामन्यासाठी हर्षितला बोलावणं आलं. त्या सामन्यात आम्ही एकही चकती आत जाऊ दिली नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या हंगामाचा करार करू, असं संघाचे मॅनेजर म्हणाले.

पण हर्षितचा गुडघा सुजू लागला होता. विनीतने तोवर खेळणं सोडलं होतं. त्याच संघात सहायक प्रशिक्षकाची जागा मिळावी म्हणून तो धडपडत होता. एके दुपारी, मी मांडीवर असताना, हर्षित त्याला म्हणाला, "विन्या, गुडघा दुखतोय रे. डॉक्टरला दाखवतो आणि सहीच्या आधी मीच मॅनेजरना सांगतो. तोवर कुणाला बोलू नकोस."

"वेडा आहेस का? मी कशाला सांगतोय?" विनीत म्हणाला आणि त्याने माझ्यावर थाप मारली.

तपासणीच्या आधीच मॅनेजरनी हर्षितला बोलावलं. "गुडघ्याचं आम्हाला कळलंय," एवढंच सांगून त्यांनी करार नाकारला. त्याच आठवड्यात विनीत सहायक प्रशिक्षक झाला. खालच्या क्लबांनीही मग हर्षितला विचारलं नाही. तो घरी परतला. मी माळ्यावर गेलो. माझं चामडं तडकलं, झुरळांनी अस्तर कुरतडलं. ज्या हाताला मी कधी इजा होऊ दिली नाही, तोही माझ्याकडे वळेना, याचं मला फार वाईट वाटे.

गेल्या हिवाळ्यात विनीत घरी आला. ठाण्यात तो प्रशिक्षण केंद्र काढत होता.

"काका, हर्षितचा ग्लोव्ह काचेच्या कपाटात ठेवू म्हणतोय. पोरांना दाखवायला."

हर्षितच्या वडिलांना, पंढरीशेठना, काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी कौतुकाने मला खाली काढलं, पंच्याने पुसलं आणि विनीतपुढे धरलं. तेवढ्यात हर्षितने मला त्यांच्या हातून घेतलं.

"गुडघ्याचं मी तुला सांगितलेलं, विन्या."

विनीत चहाच्या कपाकडे बघत राहिला. "अरे, कधी ना कधी त्यांना कळणारच होतं. मी नसतं सांगितलं तर दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असतं."

"दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं."

तुळसाबाईंनी पुढे केलेली बिस्किटांची बशी तशीच मागे घेतली. विनीत चहा अर्धा टाकून उठला आणि निघून गेला. हर्षित मला उराशी धरून कितीतरी वेळ तिथेच बसला. मग त्याने हात माझ्यात घालून पाहिला; ताठलेल्या चामड्यात तो शिरेना, आणि या वेळी मला तो झाकता येत नव्हता.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवा, तेलाचा हात फिरवा. आम्ही तेवढ्यावर तग धरतो. पण एखाद्याने आपलं दुखणं विश्वासाने तुमच्या हाती ठेवलं, तर मूठ उघडू नका. माझ्यासारख्याला दाभणाने शिवता येतं. त्या माणसाला कसं शिवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.