अंगठ्याखालची फुली

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी हात पुसून या. मी एक जुनी नामावली आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. तुमच्या बोटांना बिस्किटाचा चुरा लागलेला नाही असं तुम्ही म्हणाल, पण मी आधी बोटं बघेन.

माझा जन्म अमेरिकेतला. ओहायो राज्यात थॉर्नबरी नावाचं एक छोटंसं कॉलेज आहे. हजारभर मुलं, एक घंटाघर आणि भोवती मक्याची शेतं. तिथे शिकून पुढे नावाजलेल्या सहाशे माणसांची माहिती माझ्यात छापली आहे. निळी कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी फार देखणी होते. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला उरलेलं नाही.

संशय मला जन्मापासूनच चिकटला, आणि त्याचं कारण माझ्या पोटातच आहे. ही सहाशे माणसं नामांकित खरी, पण प्रत्येकाने आपली माहिती आपणच लिहून पाठवली. पान चाळीसवरचे गृहस्थ म्हणतात, त्यांनी एका राज्यपालांना सल्ला दिला. मला वाटतं, त्यांनी फार तर दार उघडून धरलं असावं. पान नव्वदवरच्या बाई तीस वर्षं जंगलात घुबडं मोजत आहेत म्हणे. आता घुबडांना विचारायला कोण गेलंय? फक्त एकाच माणसाची माहिती दुसऱ्याने लिहून पाठवली होती. ती पान दोनशे बारावर आहे. तिच्याकडे मी येतेच.

दहा वर्षांपूर्वी मी टपालाने कतारमधल्या दोह्याला आले. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर अरुणकुमार देवस्थळी आणि चारुलताबाई राहतात. अरुणकुमार मूळचे नाशिकचे, इथे एका कंपनीत ड्राफ्ट्समन. पान दोनशे बारावर त्यांचंच नाव होतं, जाड काळ्या अक्षरांत. मग काय, माझे दिवस पालटले. गणपतीत घरी मंडळी जमली की मला शेल्फवरून काढायचं, पान उघडायचं आणि सगळ्यांना दाखवायचं. "वा, काका! अमेरिकेतल्या पुस्तकात आपला माणूस!" असं म्हणत लोक मोदकाकडे वळायचे. आपल्या लोकांना नाव दिसलं की पुरे होतं. खालची बारीक अक्षरं वाचायला सवड कोणाला?

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. अरुणकुमार मला कोणाच्या हातात देत नसत. पान स्वतः उघडत, स्वतः धरत, आणि त्यांचा उजवा अंगठा नेमका त्यांच्या नावाच्या अलीकडे असे. दर वेळी तिथेच. त्या जागी माझा कागद पिवळट पडला आहे. शिवाय दर शुक्रवारी दुपारी हा माणूस एक पिशवी घेऊन बाहेर पडे तो दिवेलागणीनंतर परते. कुठे जातो, कोणाला सांगत नसे. मी मनात म्हणायचे, दाल में कुछ काला है.

पुढे गणपतीतली गर्दी पांगली, लोकांना नवे विषय मिळाले, आणि मी शेल्फवर जुन्या कुकरच्या डब्याशेजारी जाऊन पडले. वर्षातून एकदा धूळ झटकली जाई, तीही ओल्या फडक्याने. ओलं फडकं, मित्रांनो! पण तो राग आज बाजूला ठेवते.

दुसऱ्या मजल्यावर शशिकांत आणि मृणालिनी राहतात. शशिकांतचं काम म्हणजे कंपनीत येणाऱ्या नव्या माणसांची सर्टिफिकेटं तपासायची, त्यावर वकिलातीचे आणि मंत्रालयाचे शिक्के आहेत का ते बघायचं. वीस वर्षांत त्याने चौदा खोट्या डिग्र्या पकडल्या होत्या. एकदा तर शिक्क्याची शाई अजून ओली होती. त्यामुळे तो माझ्याहून संशयी. केक अंड्याशिवायचा आहे असं कोणी म्हणालं, तर हा आधी डबा उलटा करून लेबल वाचणार.

त्याची मुलगी गार्गी बारावीत होती आणि तिला थॉर्नबरीत प्रवेश मिळाला, तोही शिष्यवृत्तीसकट. पोरीने या एकाच कॉलेजचा ध्यास घेतला होता. संमतीच्या कागदावर वडिलांची सही हवी होती आणि शनिवार शेवटचा दिवस होता. शशिकांत सही करेना.

"कधी ऐकलंय कोणी हे नाव?" कॉलेजचं माहितीपत्रक चाळत तो म्हणायचा. "यांच्या नामांकित लोकांत एक धड इंजिनियर नाही. कोण घुबडं मोजतंय, कोण बाहुल्या नाचवतंय. कॉलेज आहे की जत्रा? एक अरुणकाका सोडले तर माझा कशावर विश्वास बसावा?"

म्हणजे त्या पोरीचं सगळं भवितव्य पान दोनशे बारावर येऊन टेकलं होतं. शशिकांत वर आला. "काका, तुमचं डिग्री सर्टिफिकेट एकदा दाखवता? शिक्का कसा असतो ते बघतो, म्हणजे खलास, सही करून टाकतो."

"ते नाशिकला आहे. लॉकरमध्ये," अरुणकुमार म्हणाले. फार पटकन म्हणाले. शशिकांतच्या भुवया वर गेल्या आणि शेल्फवरून माझ्याही गेल्या असत्या.

शुक्रवारी दुपारी अरुणकुमार पिशवी घेऊन गेले आणि गार्गी दारात आली. चारुलताबाईंनी मला शेल्फवरून काढलं, कोरड्या पदराने पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"काकू, काका रागावतील," गार्गी म्हणाली.

"रागावू देत. दहा वर्षं मी गप्प बसले. तुझ्या बाबांना सांग, सगळं वाचा म्हणावं. सगळं."

दहा वर्षांत प्रथमच मी त्या अंगठ्याशिवाय उघडले गेले. खाली तिच्या घरी शशिकांतने भिंग लावलं. पिवळ्या डागात, नावाच्या अलीकडे, एक बारीकशी फुली होती. त्याने लगेच माझं शेवटचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं, की ज्यांच्या नावाआधी फुली आहे त्यांनी इथे शिक्षण घेतलं, पण पदवी घेतली नाही.

"बघ!" शशिकांत उठूनच उभा राहिला. "पंधरावी खोटी डिग्री, आणि ती माझ्याच डोक्यावर राहत होती! मृणालिनी, दहा वर्षं हा माणूस आपल्याला बनवत होता. आणि ज्या कॉलेजला असा माणूस नामांकित वाटतो, तिथे माझी मुलगी जाणार नाही." त्याने संमतीचा कागद घडी करून खिशात घातला. खरं सांगते, मला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. ती फुली माझ्याच अंगावर होती.

गार्गी रडली नाही. तिने मला आपल्याकडे ओढलं. "बाबा, यू रेड ओन्ली द मार्क. खालचं कोण वाचणार?"

आणि तिने खालच्या ओळी वाचल्या. मूळ इंग्रजी मोडकंतोडकं होतं आणि कॉलेजने ते तसंच छापलं होतं. "सर दर शुक्रवारी येतात. आम्हा कामगारांना वाचायला शिकवतात. आधी मी कागदावर अंगठा लावत होतो, काय लिहिलंय माहीत नव्हतं. आता वाचून सही करतो. हे पत्र मी स्वतः लिहिलं. कॉलेजचा पत्ता सरांच्या पिशवीतल्या पाकिटावरून घेतला. सरांना सांगू नका. फजल, बरवा अल बराहा."

त्या ओळींवर पुन्हा भिंग फिरलं. मग शशिकांत म्हणाला, "हे तरी खरं कशावरून?"

"चला ना मग. व्हेरिफाय करा," गार्गी म्हणाली. त्याच्याच धंद्यातला शब्द तिने त्याच्या तोंडावर फेकला. त्याने गाडीची किल्ली उचलली. "यल्ला, चला."

बरवा अल बराहा म्हणजे कामगारांच्या राहण्याच्या इमारतींची रांगच रांग. एका कँटीनबाहेर पत्र्याच्या शेडखाली तीस-चाळीस माणसं बाकांवर बसली होती. समोर फळा होता आणि फळ्याशी अरुणकुमार. शशिकांतच्या काखेत मला पाहिलं आणि त्यांच्या हातातला खडू खाली आला.

"फुली पाहिलीस ना?" ते म्हणाले. "डिग्री नाही माझी, शशिकांत. दोन वर्षं शिकलो. आई आजारी पडली म्हणून दोन महिन्यांसाठी नाशिकला आलो, परत जाणं झालंच नाही. नोकरी मी माझ्या डिप्लोमावर केली, ते कागद बघ हवे तर. पण लोक अमेरिकेचे पदवीधर म्हणायला लागले. एकदा गप्प बसलो, मग तोंड उघडायची लाज वाटली."

"अहो काका, मग हे तरी सांगायचंत!" शशिकांतने शेडकडे हात केला.

"ह्यात काय सांगायचंय?" अरुणकुमार खरोखरच गोंधळले होते.

एक दणकट सुपरवायझर पुढे आला. त्याने पान दोनशे बारा पाहिलं आणि हसला. "साब, ये चिट्ठी मैंने लिखी थी. तीन बार फाड़ी, चौथी बार भेजी." तो फजल.

शशिकांतने खिशातून संमतीचा कागद काढला, घडी उलगडली, शेवटचं पान शोधलं आणि सहीसाठी पेन टेकवलं. तोच फजलचा जाड पंजा कागदावर पडला.

"साब, बिना पढ़े? यहाँ सर किसी को नहीं करने देते."

चौदा खोट्या डिग्र्या पकडणारा माणूस शाळकरी पोरासारखा बाकावर बसला. त्याने चार पानं मोठ्याने वाचली, सगळ्या शेडने ऐकली. मग त्याने सही केली. गार्गीने वडिलांचा खांदा धरून ठेवला होता आणि आता ती रडत होती.

मित्रांनो, आज मी गार्गीच्या बॅगेत आहे, स्वेटरमध्ये गुंडाळलेली. अरुणकुमारांनी मला तिला दिलं तेव्हा पान उघडून दिलं, आणि अंगठा कडेला धरला होता. मी मात्र ओशाळले आहे. दहा वर्षं त्या अंगठ्यावर मी संशय घेतला, आणि खालच्या ओळी माझ्याच पोटात असून एकदाही आठवल्या नाहीत. संशय घ्या, मी नको म्हणणार नाही, पण फुली दिसल्यावर पान मिटू नका. आम्हा पुस्तकांना ओल्या फडक्याने पुसू नका, आणि माणसांना अर्धं वाचून शेल्फवर ठेवू नका.

ओहायोला पोचले की मी पान नव्वदवरच्या त्या घुबडवाल्या बाईंची माहितीही पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचणार आहे.