बुजवलेला खड्डा

"आधी तुज्या दारातला खड्डा बुजव भुजंगा, मंग आमाला अक्कल शिकव!"

गौराबाई पदर खोचून आपल्या खड्ड्याच्या कडेला उभ्या होत्या. खाली कंबरभर खोलीवर नळाचा उघडा पाइप, त्याखाली घागर. मानवतच्या या गल्लीत दोन दिवसांआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. जमिनीच्या वर चढायला त्यात जोरच नव्हता. म्हणून ज्यानं त्यानं तोटी काढून दारात खड्डा खणला होता. एकानं हातभर खणला की शेजारी दीड हात खणणार. ज्याचा खड्डा खोल, त्याची घागर भरणार. गल्लीच्या शेवटाला नुसता वारा.

भुजंग नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस. चौकाचौकातले पाण्याचे वॉल फिरवायचे आणि शिव्या खायच्या, ही नोकरी.

"काकू, पाणी थांबलं की खड्ड्यातली घाण पाइप वढून घेतंय. पोरं ओकायलीत गल्लीतली. समद्यांनी बुजवले तर समद्याला सारखं पाणी येतंय, इतकंच म्हणायलोय मी."

"आन् न्हाई आलं तर? माजी सासू लिंगपूजा झाल्याबिगर घास घेत न्हाई. म्हातारीला उपाशी ठिवू व्हय, तुज्या भरवशावर?"

बाया फिदीफिदी हसल्या. भुजंगचं डोकं सणकलं. तसाच घरी गेला, फावडं उचललं. पाइप वर घेऊन गुडघ्याएवढ्या उंचीवर तोटी बसवली आणि मुरूम टाकून खड्डा बुजवला. बायको, चतुराबाई, उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"आता बघ, एकेक जण बुजवतंय का न्हाई."

"बघते की. वॉल तुमचा, खड्डा तुमचा. घागर तेवढी माजी."

कुणीच बुजवला नाही. समोरच्या दत्तरावानं तर आपला आणखी खाली नेला. भुजंगच्या वाट्याचं पाणी वाया कशाला घालवायचं!

पुढच्या पाण्याला भुजंग वॉल फिरवून सायकलवर घरी आला. तोटीनं सूं केलं आणि गप्प बसली. सगळी गल्ली दारात. नळवाला आता टिकाव काढतो, म्हणून वाट बघत. त्यानं काढला असता तर सगळ्यांचीच सुटका होती. पुन्हा कुणी विषय काढला नसता.

त्यानं टिकावाला हात घातला. चतुराबाईनं तो त्याच्या हातातून घेतला, आत नेऊन ठेवला, आणि घागर उचलून गौराबाईंच्या दाराशी गेली.

"घरच्या नळाला काय झालं गं?" गौराबाईंनी गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं.

"काय न्हाई. खड्डा बुजवलाय."

"मंग खांद की परत! कोण हात धरायलंय तुजा?"

"न्हाई खांदायचा. तुमचं झालं की एक घागर द्या. न्हाईतर न्हाई म्हणा."

गौराबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. घागर भरली, दुसरी लावली. मग हंडा लावला. चतुराबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन उन्हात उभी. दत्तरावाची बायको दारातून बघायलीय, पोरं बघायलीत.

'चल घरी' म्हणावं, असं भुजंगच्या तोंडापर्यंत आलं. पण घरी नेऊन पाणी कुठून आणायचं? त्यानं सायकल वळवली.

"जायचंय मला," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "पेठेतला वॉल सोडायचाय."