माझ्याच दहाव्याला मी हजर

मी बोलतोय. नाही, नाही, शंखाकडे काय बघताय, शंख कुठे बोलतो! तो माझ्या घराचा दरवाजा. जरा खाली वाका. काळ्या मण्यांसारखे दोन डोळे दिसले? तो मी. शंखात राहणारा खेकडा. नाव टुकटुक. मुक्काम भोईवाडा, परळ, चाळीचा दुसरा मजला, गॅलरीकडची खिडकी. मी वारलो त्याला आता दोन महिने होतील. तब्येत झकास आहे.

थांबा, पळू नका. सगळं सांगतो.

माझा जन्म कोकणातल्या समुद्रातला. आमच्या जातीचं पुढचं अंग टणक आणि मागचं अंग लोण्यासारखं मऊ. त्यामुळे लहानपणीच मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधायचा, उलट्या पावलांनी आत शिरायचं आणि घर पाठीवर घेऊन हिंडायचं. ना पागडी, ना भाडं, ना सोसायटीची मीटिंग. अंग वाढलं की मोठा शंख बघायचा. असा मी देवगडच्या किनाऱ्यावर मजेत उन्हं खात पडलो होतो, तेवढ्यात दोन बोटांनी मला उचललं आणि खाऊच्या डब्यात टाकलं.

ती बोटं मनूची. मनू म्हणजे चौथीतली पोर, मे महिन्यात गावी आलेली. तिला वाटलं, चांगला नक्षीदार शंख मिळाला. मुंबईला परतताना एसटी कणकवलीला थांबली, मनूने डबा उघडला आणि शंखाला पाय फुटले! पोर अशी किंचाळली की कंडक्टर खाली उतरला होता तो परत वर आला. तिचे पप्पा, दीपक, म्हणाले, "फेकून दे खिडकीबाहेर." मनूने डबा पोटाशी धरला. झालं, मी मुंबईकर.

घरात माणसं चार. मनू, दीपक, तिची आई मेघना आणि दीपकची थोरली बहीण कमलआत्या. आत्या इथल्याच कोर्टात टायपिस्ट होती, आता निवृत्त. मनूचे आजोबा कुशाबा गिरणीत होते, ते वर्षापूर्वी गेले. त्यांचा रेडिओ मात्र फळीवर आहे आणि त्याच्या शेजारी माझी काचेची पेटी, वाळू भरलेली. चालताना माझा शंख काचेवर आपटतो, टुक टुक, म्हणून माझं हे नाव. मनूला मी फार आवडायचो. शाळेतून आली की आधी मला हाक, मग आईला.

आणि कमलआत्या? आत्याला खेकडे माझ्याआधीपासून आवडायचे. पण ताटात. रविवारी सकाळी बाजारातून जिवंत कुर्ल्या आणायच्या, मोरीत घमेल्यात टाकायच्या आणि टीव्ही ऐकता ऐकता एकेकीचे डेंगे मोडायचे. डेंगा म्हणजे आमचा पुढचा मोठा पंजा, चिमटा काढायचा. आत्याचा हात असा बसलेला की खाली बघायची गरजच नाही. डेंगा धरला, पीळ दिला, कडक्! तिच्या हातच्या कुर्ल्यांच्या रश्शासाठी दीपक एक वेळ ऑफिस सोडेल.

आता त्या रविवारचं. चूक थोडी माझीही आहे, खोटं कशाला बोलू? रविवार हा माझ्याही अंघोळीचा वार. मनूने मला मिठाच्या पाण्याच्या वाटीत बसवलं, वाटी मोरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि पुसायला फडकं आणायला गेली. मी वाटीतून डोकं वर काढलं तर शेजारी घमेलं. आणि घमेल्यात कोण? अहो, नातेवाईक! इतक्या दिवसांत एक ओळखीचा चेहरा नाही, म्हटलं भेटून यावं. चढलो, घसरलो, आत पडलो. 'नमस्कार, कुठल्या आपण?' असं विचारणार, तोच वरून आत्याचा हात आला.

कडक्.

"ही एवढीशी कुठली गो?" म्हणत आत्याने हात डोळ्यांसमोर धरला. तिच्या बोटांत माझा डेंगा होता, चवळीच्या दाण्याएवढा. आमच्या जातीत भीतीने अवयव आपोआप सुटतो, त्यामुळे फार दुखलं नाही, पण मी शंखात जो शिरलो तो शिरलोच. आत्याने घमेल्यात वाकून पाहिलं. "अगो बाय माझ्या, ह्यां काय झालां!" आणि दारात मनू उभी, हातात माझं फडकं.

मनू रडली नाही, तेच वाईट झालं. तिने मला उचललं, पेटीत ठेवलं आणि आत्याला एवढंच म्हणाली, "तू त्याला खाणार होतीस." त्या दिवसापासून आत्याशी बोलणं बंद.

मग माझ्या आजारपणाची जी धावपळ उडाली, ती काय वर्णावी! दीपकने मोबाईलवर 'खेकडा पाय तुटला उपाय' असं टाकलं. चाळीस उत्तरं आली, एकूण एक रश्शाची. शेवटचं तर 'तुटके पाय वाटून घ्या' असं होतं. मेघनाने मोबाईल हिसकावून घेतला. मग मला रुमालात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एक मोठा कुत्रा, दोन मांजरी आणि मी, असे रांगेत बसलो. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "मी गाईम्हशींचा. पण जखमी जनावराला ऊब, ओल आणि शांतता दिली तर ते निम्मं आपलं आपण बरं होतं. सारखं हात लावू नका."

घरी पेटीवर मनूची पाटी लागली: 'शांतता राखा. आत्याने हात लावू नये.' अक्षर छान आहे पोरीचं.

आत्याने हात लावला नाही. पण मनू शाळेत गेली की आत्या स्टूल ओढून पेटीसमोर बसायची. खडेमिठाचं पाणी करून ओलं फडकं पेटीवर घालायची. लांब चमच्याने खोबऱ्याचा कीस आणि सुका जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबी, आत सोडायची. "खा रे मेल्या," म्हणायची. "तुका जवळो आवडता मां? खा. ती पोर माझ्याशी बोलत नाही रे." कोर्टात तीस वर्षं लोकांचे गुन्हे टाईप केलेली बाई माझ्यापुढे आरोपीसारखी बसायची. दुपारी साडेतीनला उठून स्टूल जागेवर, चमचा धुऊन ठेवलेला, मनूला पत्ता नाही.

संध्याकाळी जेवताना गंमत असायची. "आई, आत्याला सांग मला आमटी नको." आई शेजारी, आत्या समोर, आमटी आत्याच्या हातात. "मेघना, तिला सांग, अर्धी वाटी तरी घे." बिचारी मेघना टेलिफोन एक्स्चेंज झाली होती. मला आत बसून फार वाईट वाटायचं. डेंग्याचं काय, तो परत येतो. हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

तो कसा परत येतो, ऐका. आम्ही खेकडे कात टाकतो. वाळूत खोल जायचं, जुनं कवच सोलून काढायचं, आत नवीन अंग, नवीन पाय, हरवलेला डेंगासुद्धा, छोटासा का होईना. पण नवीन अंग कवच धरेपर्यंत भिजल्या पोह्यासारखं मऊ असतं. त्या दिवसांत कुणी वाळू हलवली की आम्ही खलास. म्हणून पंधरवड्याने मी एका सकाळी वाळूत बुडी मारली. तीन आठवडे कुणाला दर्शन नाही. कात टाकली. निम्मी खाली ओढून घेतली, कारण तीच खाऊन आम्ही नवीन कवच करतो. पुढची निम्मी धडपडीत वर वाळूवर ढकलली गेली. पाय, डोळे, मिशा, सगळं जिथल्या तिथे, फक्त आत मी नाही.

मनूने ती पाहिली.

वरची रडारड मला खाली वाळूतून थरथर होऊन कळली. मेघना म्हणाली, "अगं, शंखातून बाहेर येऊन गेला गं बिचारा." दीपक म्हणाला, "पेटी रिकामी करतो, मनू. वाळू मोरीत ओतून धुऊन टाकतो. नजरेसमोर नको." त्याने पेटी उचलली. मी तिरका झालो! वाळू सरकली, माझं मऊ अंग काचेला लागलं. संपला खेळ, म्हटलं. दोन पावलांवर मोरी होती.

"ठेव ती खाली," आत्या म्हणाली.

"ताई, मेलाय तो."

"म्हणूनच ठेव. माणूस गेला की दहा दिवस जागा हलवायची नाही. दिवा लावायचा. बाबांना लावला ना? मग ह्याला का नाही? ह्या घरातलाच होता तो. माझ्या हातून गेला." आणि ती मोरीच्या दारात आडवी उभी राहिली. "दहा दिवस वाळूला कुणी हात लावायचा नाही. दहाव्याला काय ते कर."

आता एखादं घर म्हणालं असतं, खेकड्याचा कसला दहावा? पण ह्या घरात मनू होती आणि मनूने गुपचूप काडेपेटी रिकामी करून माझी कात तिच्यात निजवली होती. दीपकने पेटी खाली ठेवली. आत्याने काचेला खेटून पणती लावली आणि ओलं फडकं पेटीवर घातलं, जीव गेला तरी घसा सुकू नये म्हणून. वाहवा! ऊब झाली, ओल झाली, आणि सुतकातलं घर म्हणून रेडिओसुद्धा बंद. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं मला मी मेल्यावर मिळालं. वर सकाळी नैवेद्याला चिमूटभर जवळा. मी खाली हसून हसून पुन्हा कात टाकायच्या बेतात होतो.

दहावा उजाडला. सकाळी साडेआठला गॅलरीच्या कठड्यावर केळीच्या पानावर भाताची मूद ठेवली. कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय, मग घरच्यांनी शब्द द्यायचा. कुशाबांच्या वेळी कावळा मान वाकडी करून तासभर बसला होता. शेवटी दीपक ओरडला, "बाबा, तुमचा रेडिओ भंगारात देणार नाही!" आणि झडप! म्हणून तो रेडिओ अजून फळीवर खोकतोय.

माझ्या वेळी कावळा आला, बसला, मूद बघितली आणि पंख साफ करायला लागला. शेजारचे बाबुराव सांगतात की ते रोज आठ वाजता कावळ्यांना गाठ्या घालतात, पोट भरलेलं असणार. आत्या म्हणते, कावळ्याला सगळं ठाऊक होतं. मी म्हणतो, मेलोच नव्हतो तर शिवणार कशाला?

आत्याने पदर खोचला आणि गावच्या देवळातल्यासारखं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या टुकटुकाची काय इच्छा रवली असात ती आज पुरी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. बाबुरावपण.

"पुढच्या वेळी कुणी आणला तर मोठी पेटी देईन," दीपक म्हणाला. कावळा ढिम्म.

"पेटीजवळ फिनाईल पुसणार नाही," मेघना म्हणाली. कावळ्याने चोच घासली.

आत्या पुढे झाली. "आजपासून आयुष्यात कुर्लीला हात लावणार नाही रे म्हाराजा."

"व्हय म्हा..." दीपकच्या तोंडून अर्धंच आलं. कावळा त्याच्याकडे बघत राहिला.

शेवटी काडेपेटी हातात घेऊन मनू कठड्यापाशी आली. आत्याकडे न बघता म्हणाली, "टुकटुक, मी आत्याशी बोलीन. तिने मुद्दाम नाही केलं. मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. पण मग मला बोलताच येईना."

ऐकलं मी. वाळूतून ऐकलं. माझं कवच सकाळीच पक्कं झालं होतं, भूकही सडकून लागली होती, पण खरं सांगू? त्या वाक्यावर मला आत राहवेना. पाय रोवले, ढकललं, वर आलो आणि थेट काचेवर.

टुक टुक.

"रेडिओ कुणी लावला?" आत्या म्हणाली.

"बंद आहे," मेघना म्हणाली.

टुक टुक टुक.

जी पळापळ झाली! मनूची किंकाळी कणकवलीपेक्षा मोठी होती. तिने मला बघितलं, काडेपेटी उघडली, पुन्हा मला बघितलं. "मग हा कोण?" दीपकने मोबाईल काढला आणि ह्या वेळी नशिबाने रश्शाऐवजी काहीतरी वाचायला मिळालं. आत्या मात्र काही वाचायला थांबली नाही. चष्मा लावून तिने काचेला नाक टेकलं. "डेंगो! मनू, बघ, नवो डेंगो! तांदळाएवढो!" आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, मधेच आत्या म्हणाली, "आमटी खाशील ना गो आता?" कावळ्याने मूद उचलली की नाही, ते बघायला गॅलरीत कुणी उरलंच नव्हतं.

तर असा मी, आता ठणठणीत. दिलेले शब्द सगळ्यांनी पाळले. पेटी मोठी आली. फिनाईल गेलं. पण आत्यानेही पाळला हो! महिनाभर रविवारी घरात नुसती भेंडी. दीपक माझ्याकडे असा बघायचा, जणू मी पंगतीत त्याचं पान उचललंय. मी काचेवर डोकं आपटून सांगत होतो, अहो, ज्याच्यासाठी नवस केला तो जिवंत आहे! तो तुम्हाला शब्दातून मोकळं करतोय! कुणाला समजेना.

शेवटी मनूला समजलं. मग एका रविवारी ती दीपकबरोबर बाजारात गेली आणि स्वतः पिशवी घेऊन आली. पिशवी वळवळत होती. आत्या मागे सरली. "नको गो. मी शब्द दिलाय."

"मग मीच धरून बसते ना त्याला," मनू म्हणाली. मला तळहातावर घेतलं आणि मोरीच्या दारात पाट टाकून बसली. "आता कर. विचारत जा फक्त."

म्हणून तुम्हाला माझी एवढीच विनंती. रविवारी भोईवाड्यात कुठल्या दुसऱ्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला, तर भांडण समजून धावत येऊ नका. आत्या घमेल्यात हात घालायच्या आधी दर वेळी, एकेका कुर्लीला, ओरडून विचारते, "मनू, तुझो खंय?"

मनू ओरडते, "व्हय म्हाराजा, हातात!"

आणि मी माझा तांदळाएवढा डेंगा वर करतो.